कॅम्परच्या मागच्या दाराचं लॅच अडकतंय? आधी दार उघडं ठेवून तपासा

मागचं दार अडकायला लागलं की बहुतेक जण दोन गोष्टी करतात. दार आणखी जोरात आपटतात आणि लॅचमध्ये डब्ल्यूडी-४० मारतात. आपटल्याने स्ट्रायकर, म्हणजे लॅच जिला पकडतं ती बॉडीवरची कडी, आणि त्यामागचा पत्रा ढिला होतो. स्प्रेने थोडे दिवस बरं वाटतं, मग दुखणं परत येतं. दोष नेमका कुठे आहे हे बघायचं मात्र राहूनच जातं. तो चार ठिकाणी असू शकतो: लॅचच्या आत, हँडलपासून लॅचपर्यंत जाणाऱ्या दांडीत किंवा केबलमध्ये, चावीच्या कुलपात, नाहीतर दार आणि बॉडी यांच्या जुळणीत. नवख्या माणसाच्या लक्षात सगळ्यात उशिरा येतं ते चौथं.

इथे डोळ्यांसमोर आहे ती मारुती ओम्नी किंवा इकोसारख्या व्हॅनवर स्वतः किंवा सुताराकडून बनवून घेतलेली कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय केलेली गाडी, जिचं मागचं दार, म्हणजे आपली डिकी, वरच्या बिजागऱ्यांवर उचलून उघडतं. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण रस्त्यावर त्या अजून भरपूर आहेत आणि लॅच अडकण्याच्या वयातही आहेत. ट्रॅव्हलरसारख्या दोन झडपांच्या दाराबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

कॅम्परमध्येच हे जास्त का होतं

खोक्यासारखी गाडी चालताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. मागच्या चाकांनी उडवलेली धूळ तिथेच घोटाळते आणि दाराच्या फटीकडे ओढली जाते. कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यावर एक दिवस गाडी चालवा आणि डिकीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा, लगेच समजेल. ही बारीक तांबडी माती लॅचमधल्या जुन्या ग्रीसला चिकटली की ते वंगण राहत नाही, पॉलिश पेपरचं काम करायला लागतं. समुद्रकाठी मुक्काम असेल तर त्यात खाऱ्या हवेचा गंज.

दुसरं कारण आपणच तयार करतो. मूळ गाडीत हे दार रिकामं असतं. कॅम्परमध्ये त्यावर प्लायवूडचं पॅनेल येतं, मसाल्यांचं रॅक येतं, घडीचं टेबल येतं, बाहेरून कधी शिडी किंवा सायकलचं स्टँड. बिजागऱ्या एवढ्या वजनासाठी केलेल्या नसतात. दार एक-दोन मिलिमीटर खाली बसलं की लॅच आणि स्ट्रायकर यांची गाठ नीट पडत नाही.

लॅच चालतं कसं

दाराच्या खालच्या कडेला लॅचचा डबा असतो. त्यात खाच असलेली एक चकती फिरते. बॉडीवर, म्हणजे उंबऱ्यावर, जाड सळईची कडी असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. दार बंद करताना कडी चकतीच्या खाचेत शिरते, चकतीला फिरवते आणि शेजारचा खटका चकतीच्या दातात पडून तिला अडवतो. दात दोन असतात. पहिला ‘टक’ आवाज म्हणजे दार अर्धवट धरलं गेलं, दुसरा ‘टक’ म्हणजे पूर्ण बंद. हँडल ओढल्यावर दांडी किंवा केबल हा खटका मागे खेचते, स्प्रिंग चकतीला उलटी फिरवते आणि कडी सुटते.

दुसऱ्या ‘टक’पर्यंत न पोहोचलेलं दार बंद दिसतं, पण ते बंद नसतं. घाटातल्या पहिल्या खड्ड्यात उघडू शकतं.

हत्याराला हात लावण्याआधी

गाडी सपाट जागेवर उभी करा. हे मुद्दाम सांगतोय, कारण उतारावर किंवा एक चाक दगडावर असताना बॉडी थोडी पिळली जाते आणि चांगलं लॅचही जड लागतं. मुक्कामाच्या जागीच दार अडकतं आणि घरी आल्यावर व्यवस्थित चालतं अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा उत्तर इथेच आहे.

आता दार उघडा आणि नीट टेकू द्या. डिकी उचलून धरणारे गॅसचे शॉकअब्सॉर्बर म्हातारे झाले असतील तर त्यांच्यावर विसंबू नका, लाकडी दांडक्याचा टेका लावा. लॅचमध्ये बोटं असताना डिकी खाली आली तर दुरुस्ती बोटांची करावी लागेल.

पहिली चाचणी दार उघडं ठेवूनच करायची. जाड स्क्रू ड्रायव्हरची दांडी चकतीच्या खाचेत घाला आणि कडी जशी शिरेल तशी दाबा. दोन ‘टक’ स्वच्छ ऐकू यायला हवेत. मग बाहेरचं हँडल ओढा. चकती झटक्यात परत उघडली पाहिजे, रेंगाळत नाही. आठ-दहा वेळा करून बघा, कारण अडकणारं लॅच दर वेळी अडकत नाही. एक गोष्ट विसरू नका: चाचणी संपल्यावर चकती उघड्या स्थितीत आहे ना हे बघितल्याशिवाय दार बंद करू नका. चकती बंद असताना दार आपटलं तर कडी तिच्यावर सरळ आदळते, आणि मग खरोखरच नवीन लॅच घ्यावं लागतं.

निकाल असा वाचायचा. उघड्या दारात चकती रेंगाळत असेल तर दोष लॅचमध्ये आहे किंवा दांडी-केबलमध्ये. उघड्या दारात सगळं लोण्यासारखं चालतं आणि बंद केल्यावरच अडकतं, तर लॅच निर्दोष आहे. त्याला कितीही तेल पाजलं तरी उपयोग नाही, जुळणी बघावी लागेल.

दुसरी चाचणी बंद दाराची. हँडल ओढताना सोबत्याला दार तळहाताने आत दाबायला सांगा, एकटे असाल तर कंबरेने रेटा द्या. दाबल्यावर हँडल हलकं होत असेल तर लॅच ताणाखाली आहे. म्हणजे दाराच्या कडेभोवतीचं रबर बीडिंग फार जाड आहे, बंद दार ज्यांवर टेकतं त्या रबरी गुटख्या जास्त बाहेर आल्या आहेत किंवा स्ट्रायकर गरजेपेक्षा आत बसला आहे.

उलट तक्रार असेल, म्हणजे दार लागतच नाही आणि आपटावं लागतं, तर आधी पुढची एक काच खाली करून बंद करून बघा. सगळ्या काचा बंद असलेल्या छोट्या व्हॅनमध्ये आत कोंडलेली हवाच दाराला बाहेर ढकलते. खिडक्यांना नव्याने चांगली सील लावल्यावर डिकी ‘बिघडली’ असं वाटतं ते यामुळेच.

काय काय लागेल

दहाचा आणि बाराचा पाना, चांगल्या टोकाचा मोठा फुली स्क्रू ड्रायव्हर, आणि गाडीला तसे बोल्ट असतील तर चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बिट. पक्कड, जुना टूथब्रश, चिंध्या, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. जुनं ग्रीस धुवायला ब्रेक क्लीनरचा कॅन. पांढरं लिथियम ग्रीस, रबरासाठी सिलिकॉन स्प्रे, चावीच्या कुलपासाठी ग्रॅफाइटची भुकटी. मार्कर पेन किंवा चिकटपट्टी. आणि मोबाइल, प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो काढायला.

डब्ल्यूडी-४० पिशवीत असू द्या. नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि त्या कामात ते पटाईत आहे: ओलावा काढतं, गंज सैल करतं. पण पातळ असल्याने उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेतं आणि स्वतः फार काळ टिकत नाही. ते मारल्यावर पुसून ग्रीस लावलं तरच त्याचा फायदा.

लॅच धुणं आणि ग्रीस करणं

वरवरचा चिकटा असेल तर लॅच दारातून काढायची गरज नाही. कॅम्परमधली शेगडी बंद करा, सिलिंडरचा नॉब बंद करा, जवळ कुणी सिगारेट पेटवणार नाही हे बघा. ब्रेक क्लीनर ज्वलनशील असतो आणि रंगालाही खातो, म्हणून लॅचखाली आणि आजूबाजूला जाड कापड लावा. नळी लावून लॅचच्या फटीत थोडा थोडा मारा, ब्रशने घासा, चकती स्क्रू ड्रायव्हरने उघडझाप करत राहा. सुरुवातीला काळं-तांबडं पाणी निघेल. ते स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा. मग पूर्ण वाळू द्या. या वाट बघण्याचा कंटाळा करू नका, ओल्या क्लीनरवर लावलेलं ग्रीस पातळ होऊन गळून जातं.

ग्रीस थोडंच. चकतीच्या आसाला, खटक्याच्या आसाला, स्प्रिंगच्या टोकांना आणि दात-खटका जिथे घासतात तिथे. काडीच्या टोकावर घेऊन आत पोहोचवा आणि पंधरा-वीस वेळा उघडझाप करून पसरू द्या. बाहेर आलेलं पुसून टाका. थापून लावलेलं ग्रीस पुढच्या धुळीला आमंत्रण आहे, आणि रात्री डिकीतून सामान काढताना बाहीला लागतं ते वेगळंच.

धुऊनही चकती अर्ध्यात थांबत असेल तर लॅच काढून बघावं लागेल. आतलं पॅनेल काढा, दांडी किंवा केबल सोडवा, लॅचचे बोल्ट काढा. डबा टेबलावर घेतल्यावर स्प्रिंग तुटली आहे का, चकतीवरचं प्लास्टिक फाटलं आहे का, दात झिजून गोल झाला आहे का ते दिसतं. यातलं एकही दिसलं तर लॅच बदला. दात कानशीने घासून ‘धार’ लावून देणारे मिस्त्री भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जा. खटका चालत्या गाडीत निसटला तर डिकी उघडेल, आणि मागून येणारा दुचाकीवाला तुमच्या गॅस सिलिंडरची वाट बघत नसतो.

दांडी, केबल आणि प्लायवूडचे स्क्रू

दांडी असेल तर तिच्या टोकाला प्लास्टिकची क्लिप असते. ती ओढून काढायची नसते. आधी दांडीवरून फिरवून बाजूला करायची, मग दांडी भोकातून निघते. जुन्या क्लिपा उन्हाने कडक होतात आणि हात लावताच तुटतात, म्हणून दोन-तीन आधीच आणून ठेवा. दांडी वाकली असेल तर हँडल पूर्ण ओढूनही खटका जेमतेम सुटतो आणि दार ‘कधी उघडतं, कधी नाही’ असं वागतं.

केबल असेल तर लॅचच्या बाजूने सोडवून हाताने आत-बाहेर करून बघा. खरखर लागली तर आवरणात पाणी शिरून गंज धरला आहे. तार उसवायला लागली असेल तर तेल पाजण्यात वेळ घालवू नका, बदला. चांगल्या केबलमध्येही हँडल सैल असताना किंचित ढील हवी. ताणून बसवलेली केबल खटक्याला पूर्ण पडूच देत नाही, आणि दार पहिल्या ‘टक’वर अडकून राहतं.

कॅम्परमध्ये आणखी एक ठिकाण बघावंच लागतं: प्लाय बसवताना मारलेले स्क्रू. लांब स्क्रू आतून येऊन दांडीला घासतो, किंवा आवाज दाबण्यासाठी चिकटवलेल्या ब्यूटाइल शीटचा एक कोपरा उन्हात सुटून दांडीला चिकटतो. दुपारी अडकणारं आणि पहाटे नीट चालणारं दार असेल तर मला आधी या शीटचाच संशय येतो. पॅनेल उतरवून टॉर्च मारली की खाली घासल्याची चमकदार रेघ दिसते. स्क्रू आखूड वापरा, शीट कापून दांडीपासून दूर करा. पॅनेल पुन्हा बसवताना लॅचसमोर हाताएवढी झडप ठेवून घ्या, तिचं कारण पुढे येईल.

बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक असेल तर त्याच्या मोटरची दांडी सोडवून एकदा लॅच चालवून बघा. दांडी सोडल्यावर लॅच हलकं झालं तर दोष त्या जोडणीचा आहे.

चावीच्या कुलपाचं थोडक्यात: चावी अडकत असेल तर आत ग्रॅफाइटची भुकटी फुंका आणि चावी अनेकदा फिरवा. त्यात तेल घालू नका. तेल आणि ग्रॅफाइट एकत्र आले की चिखल होतो. दुसरी, कमी वापरलेली चावी हलकी फिरत असेल तर कुलूप ठीक आहे, रोजची चावी झिजली आहे.

स्ट्रायकरची जुळणी

हे काम घाईचं नाही. आधी दार आणि बॉडी यांच्यामधली फट दोन्ही बाजूंनी बघा. एका बाजूला बोट जातं आणि दुसऱ्या बाजूला नख जात नाही असं असेल तर दार बिजागरीवरच कललं आहे. स्ट्रायकर सरकवून हा दोष झाकता येतो, जात नाही. दारावरचं वजन उतरवा, बिजागरीचे बोल्ट सैल झाले आहेत का बघा, आणि दाराला किंवा बॉडीला मार बसलेला असेल तर डेंटरकडे जा.

फट सारखी असेल तर स्ट्रायकरकडे वळा. कडीच्या एकाच बाजूला चकाकी असेल तर चकती तिकडे घासते. खुणा नीट दिसत नसतील तर कडीला बोटाने काजळ लावा, दार हळू बंद करून उघडा आणि काजळ कुठे पुसलं गेलं ते बघा.

मग मार्करने स्ट्रायकरच्या तळपट्टीभोवती रेघ मारा. ही रेघ म्हणजे तुमचा परतीचा रस्ता. बोल्ट सैल करा, पण एवढेच की हलक्या ठोक्याने पट्टी सरकेल. दोन्ही बोल्ट एकदम पूर्ण काढू नका. काही गाड्यांत आत आट्यांची पट्टी सुटी असते, ती पोकळीत पडली तर तारेला चुंबक लावून शोधत बसावं लागतं.

एका वेळी एकच मिलिमीटर, एकाच दिशेला. दार दाबल्यावर हँडल हलकं होत होतं किंवा दार आपटावं लागत होतं, तर स्ट्रायकर बाहेर, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला. दार बंद असूनही खड्ड्यात खडखडतं, तर आत. चकती एका कुशीला घासते, तर कडी त्या बाजूला सरकवून मध्यावर आणा. प्रत्येक वेळी बोल्ट आवळूनच दार लावून बघायचं, सैल बोल्टवर केलेल्या चाचणीला अर्थ नाही.

शेवटी कागदाची परीक्षा. कागदाची पट्टी रबर बीडिंगवर ठेवून दार बंद करा आणि ओढा. थोड्या ओढीने, सगळीकडे साधारण सारख्या जोराने निघाली पाहिजे. कुठे आपोआप निघत असेल तर तिथून धूळ आणि पाणी आत येणार. कुठे फाटत असेल तर तिथे दाब जास्त आहे. रबरी गुटख्या आट्यांच्या असतात, त्या अर्धा-एक आटा फिरवून हा फरक बराच मारता येतो. बीडिंगला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, खनिज तेलाने ते रबर फुगतं. सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन पुसा. हाताशी नसेल तर टाल्कम पावडरही चालते.

दार बंदच राहिलं तर

दार आत दाबून हँडल ओढा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने लॅचच्या जागी मुठीने हलके ठोके द्या. धूळ अडकली असेल तर बऱ्याचदा एवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर आत जा आणि लॅचसमोरची झडप उघडा. खटक्याला जोडलेला पत्र्याचा छोटा लिव्हर स्क्रू ड्रायव्हरने ढकला. झडप ठेवली नसेल तर आता ओटा, भांडी, गादी सगळं बाहेर काढून पॅनेल उचकटावं लागेल.

अनेक व्हॅनमध्ये मागचं दार आतून उघडायची सोयच नसते. माल किंवा प्रवासी नेताना ते चालतं. तुम्ही त्यात झोपणार असाल आणि कपाटाने सरकतं दार अडवलं असेल, तर चालत नाही. लिव्हरला पातळ पोलादी तार बांधून प्लायमधून एक कडी बाहेर काढा आणि अंधारातही हाताला लागेल अशी ठेवा.

उलट प्रसंग, दार लागतच नाही आणि घरी तर पोहोचायचंय. दोरीने अर्धवट बांधून निघू नका. मागचा कमी दाब सायलेन्सरचा धूर आत ओढतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रॅचेट पट्ट्याने, म्हणजे सामान आवळायच्या पट्ट्याने, दार रबरावर दाबून घट्ट ओढा, पुढच्या काचा उघड्या ठेवा, ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवा, मागे कुणाला झोपू देऊ नका आणि जवळच्या गॅरेजपर्यंतच जा.

दोन झडपांचं दार असेल तर

ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांत एक झडप आधी लागते आणि वर-खाली खिट्टीने धरली जाते, दुसरी तिच्यावर येऊन बसते. तक्रार नेहमी दुसऱ्या झडपेची असते आणि दोष बरेचदा पहिलीचा. खालच्या खिट्टीच्या भोकात माती दाटली की खिट्टी पूर्ण उतरत नाही, पहिली झडप किंचित बाहेर राहते आणि दुसरीच्या लॅचला तिरपा ताण बसतो. म्हणून आधी ते भोक साफ करा. मग दुसरी झडप उघडी ठेवून पहिली हाताने हलवून बघा, ती कणभरही डुलता कामा नये. वरची आणि खालची खिट्टी एकाच वेळी बसत नसतील तर दांडीवरच्या आट्यांनी लांबी जुळवा. बाकी सगळं वर सांगितल्याप्रमाणेच.

सुटे भाग आणि पावसाळा

लॅच, केबल, क्लिपा आणि गुटख्या पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरातल्या दुकानांत मिळतात. जुना भाग सोबत न्या आणि गाडीचं वर्ष सांगा, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षांनुसार भाग बदललेले असू शकतात. भंगारातलं लॅच घेणार असाल तर दुकानातच स्क्रू ड्रायव्हर घालून दोन ‘टक’ ऐका. स्ट्रायकरही त्याच गाडीचा मिळाला तर घ्या, दोन्ही एकमेकांवर झिजलेले असतात.

ग्रीसचं काम मे महिन्यात एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा केलं की पुरतं. समुद्रकाठी राहून आलात तर दुसऱ्याच दिवशी डिकीची खालची कड आणि लॅच गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, मगच थोडं ग्रीस. आणि दाराच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती पावसाआधी खराट्याच्या हिराने मोकळी करा. तारेने नको, तारेने रंग खरवडला की गंजाची सुरुवात तिथूनच होते.